खंडेनवमीला न गेलेली फाइल

आपल्याला इतकं जळता येतं हे त्रिवेणीबाईंना स्वतःलाही पन्नाशीला टेकेपर्यंत ठाऊक नव्हतं. तोवर तशी वेळच आली नव्हती. हैदराबादेत वीजवाल्यांच्या जामबागेतल्या ऑफिसात हेवा करायचा तो इतरांनी, आणि करायचा तो त्रिवेणीबाईंचा, अशीच रीत पडून गेली होती.

ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली केली, खाली जाजम अंथरलं, थंड हवेचं यंत्र बसवलं. चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला. ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं हा प्रश्न आल्यावर ऑफिसातले सगळे बाप्ये खाली मान घालून बसले. हे टाइपरायटरचं काम, म्हणजे बाईमाणसाचं, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं आणि त्रिवेणीबाईंचं नाव पुढे ढकललं. बाई गेल्या, शिकल्या, आणि परत आल्या त्या त्या खोलीच्या मालकीणबाई होऊन. मग मात्र त्याच बाप्यांना पश्चात्ताप झाला. उन्हाळ्यात सगळं ऑफिस पंख्याखाली घाम पुसत असायचं आणि बाई आत गारव्यात शाल पांघरून बसायच्या. कोणाला जळफळाट होत असेल तर होवो, त्याचं त्यांना काही नव्हतं.

काम होतं मोठ्या कारखान्यांच्या मीटरचं. हे मीटर आपल्या घरच्यासारखे नसतात. दर अर्ध्या तासाला किती वीज ओढली ते ते मनात धरून ठेवतात. रीडिंगवाले एक लहानसं यंत्र घेऊन कारखान्यात जायचे, मीटरला टेकवून सगळे आकडे त्यात भरून घ्यायचे आणि यंत्र बाईंच्या पुढ्यात आणून ठेवायचे. बाई ते आकडे कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या, कारखान्याप्रमाणे निवडायच्या, आणि ज्याचे त्याला फ्लॉपीवर घालून द्यायच्या. फ्लॉप्यांच्या डब्याला कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या कमरेला. महिना पालटला की कारखान्यांची माणसं त्या खोलीबाहेर चपला काढून उभी राहायची. मोठमोठ्या मिलचे इंजिनियर मोज्यांवर आत यायचे हे बघायला बाईंना फार आवडायचं.

त्यातले हणमंतराव वेगळे. शहराबाहेरच्या एका खाजगी डेअरीत ते विजेचे सुपरवायझर होते. ते भालकीकडचे, बाईंचं माहेर उदगीरचं. दोघांचेही बाप निजामाच्या मुलखात शेती करून पोरांना शिकायला हैदराबादेत पाठवणारे, त्यामुळे दोघांची मराठी एकाच हवेची. फ्लॉपी घेऊन बाकीचे निघून जायचे, हणमंतराव समोरच्या खुर्चीवर बसायचे. पहिला प्रश्न ठरलेला. "काय बाई, खैरियत?" मग डेअरीतले पेढे निघायचे, चहा यायचा, भालकीचा पाऊस आणि उदगीरची तूर यांची चौकशी व्हायची. यात वेडंवाकडं काही नव्हतं. घरी हिम्मतरावांना, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, हे सगळं माहीत होतं आणि पेढ्यांत त्यांचाही वाटा असायचा. पण महिनाभर बाई त्या एका दुपारची वाट बघायच्या हेही खरं.

मग वीज मंडळ मोडून कंपनी झाली. भिंतींना रंग लागले, साहेबांच्या तोंडी इंग्रजी वाढलं. यादगिरीसाहेब बाईंच्या बरोबरीने नोकरीला लागलेले, रोज सायकलवर येणारे, तेही टाय लावून यायला लागले. आणि एके दिवशी पुण्याच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीने पल्लवीला पाठवलं.

ती आली ती सरळ सँडल घालून खोलीत शिरली.

बाई जागच्या जागी उठून उभ्या राहिल्या. पोरगी हसली, म्हणाली की हल्लीच्या मशीनना धुळीचं काही होत नाही, आणि वर म्हणाली, "तुम्ही त्रिवेणीकाकू ना? मी पल्लवी." काकू! सगळं ऑफिस ज्यांना मेडम म्हणतं, शिपाई अम्मा म्हणतात, त्यांना ही कालची पोर काकू म्हणते. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी बघतात तो शिपायाच्या चपलासुद्धा खोलीच्या आत.

पल्लवीचं काम असं होतं की मीटरना टेलिफोनच्या तारा जोडायच्या, मग कॉम्प्युटर रात्री आपणहून एकेका मीटरला फोन लावणार, आकडे उतरवून घेणार आणि पहाटे ज्याची त्याला फाइल ईमेलने धाडून देणार. कुठल्या मीटरचे आकडे, कुठपासून कुठपर्यंतचे, कुठल्या साच्यात, कोणाला आणि किती वाजता, एवढं एकदा सांगून ठेवायचं. याला ती शेड्यूल लावणं म्हणायची. एकदा शेड्यूल लागलं की माणसाने हात लावायचं कारण नाही.

हे बाईंना कळलं नसतं तर बरं झालं असतं. पण सगळं कळलं, आणि पहिल्याच दिवशी कळलं. कोणत्या कारखान्याला आकडे आडवे लागतात, कोणाला तारीख आधी हवी, कोणाला वेळ, हे सगळं पल्लवी त्यांनाच विचारून लिहून घेत होती आणि प्रत्येक उत्तराला थँक्यू काकू म्हणत होती. स्वतःच्या घराच्या किल्ल्या एकेक करून दुसरीच्या हातात द्याव्यात तसं बाईंना व्हायचं. त्यातून पोरीच्या हातात कसब होतं, तेही नाकारता येत नव्हतं. ती कीबोर्डकडे न बघता टाइप करायची. तिच्या खुर्चीला चाकं होती. साहेब तिला केबिनमध्ये बोलवत नसत, स्वतः तिच्या टेबलापाशी येत. केसांना धड तेल नाही, कपाळावर टिकली असली तर असली, डबा मेसचा, आणि तरी चेहरा कसा टवटवीत! बाईंना यातली एकेक गोष्ट खुपायची, आणि संध्याकाळी कोटीहून बस धरून घरी बरकतपुऱ्याला पोचेपर्यंत त्या सगळ्या पुन्हा उगाळून व्हायच्या. जेवताना हिम्मतरावांपुढे तेच. शेवटी ते म्हणाले की तू त्या पोरीचं जेवढं नाव घेतेस तेवढं देवाचं घेतलं असतंस तर तो प्रसन्न होऊन आपल्या दारात आला असता. बाई त्या रात्री त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

बातमी भाद्रपदात फुटली. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत हे शेड्यूल न चुकता चाललं तर फ्लॉप्या बंद, आणि खोलीत माणूस बसवायची गरज नाही. त्रिवेणी मेडमना दिलसुखनगरच्या तक्रार काउंटरवर बसवायचं. त्या काउंटरचं नाव निघालं की माणसं कानाला हात लावायची. बाहेर कोचिंग क्लासच्या पोरांची झुंबड, आत बिलं नाचवत भांडायला आलेली गर्दी, वर एकच पंखा आणि तोही भिंतीकडे हवा फेकणारा. एवढी वर्षं शाल पांघरून बसलेल्या बाईने शेवटची वर्षं तिथे काढायची.

तेही बाईंनी एक वेळ गिळलं असतं. पण चाचणीसाठी पल्लवीने पहिली निवडली ती हणमंतरावांची डेअरी. महिना पालटला, हणमंतराव आले, चप्पल काढायची की नाही म्हणून दारात क्षणभर घुटमळले आणि घालूनच आत आले. गेले ते थेट पल्लवीच्या टेबलाशी. पेढ्यांचा पुडा तिच्यापुढे उघडला. बाईंना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, कमाल की चीज आहे हो ही. सकाळी चहाच्या अगोदर फाइल हाजिर. मी तर आमच्या मालकाला बोललो, मीटर बघायला माणूस ठेवायची गरज नाही आता." मग तिचं पुणं, तिचे आईवडील, तिचा मेसचा डबा अशी चौकशी चालली. पोरगी शुद्ध पुणेरीत लडिवाळ उत्तरं देत होती आणि हणमंतराव, ज्यांना बाईंनी जन्मात कधी शुद्ध बोलताना ऐकलं नव्हतं, ते "अवश्य, अवश्य" म्हणत होते. जाताना त्यांनी एक पेढा बाईंच्या टेबलावर ठेवला. एक. समोरच्या खुर्चीवर ते बसले नाहीत.

तो पेढा बाईंनी संध्याकाळी पद्मावतीला देऊन टाकला. पद्मावती ऑफिसची झाडलोट करायची आणि चहा द्यायची, तिला काय, तिने खाल्ला.

नवरात्र बसलं. रोज पहाटे फाइल जात होती, रोज पल्लवी आल्या आल्या बघत होती आणि रोज बाईंचं तोंड आणखी आंबट होत होतं. अष्टमीच्या गाडीने ती पुण्याला जाणार होती, दसरा करून परत. निघायच्या आदल्या दिवशी ती चाकांची खुर्ची ढकलत बाईंच्या टेबलापाशी आली.

"काकू, एक विचारायचं होतं. हे मशीन कधी बंद करतात का? लाइट गेली तर बॅटरी आहे, ते सोडा. पण सणावाराला वगैरे, एखादा दिवस?"

आता या ऑफिसची एक रीत होती, आणि ती पाळायची ती बाईंनीच. खंडेनवमीला, इथले लोक आयुधपूजा म्हणतात, ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. मापायची हत्यारं, जीपगाडी, टाइपरायटर, सगळी पुसून, हळदकुंकू लावून मांडायची. कॉम्प्युटर आल्यापासून त्यालाही तोच मान. पूजा झाली की मेन स्विच खाली ओढायचा, वर स्वच्छ कापड घालायचं, आणि दसऱ्याची सुट्टी संपून ऑफिस उघडेपर्यंत त्याला कोणी बोट लावायचं नाही. वर्षभर राबतो, त्याला तेवढी विश्रांती. पुण्याच्या पोरीने घरच्या कॉम्प्युटरला फूल वाहिलं असेल, पण तो बंद करून झाकून ठेवतात हे तिच्या स्वप्नातही नसणार. आणि विचारलं नसतं तर तिची चूक होती. तिने विचारलं होतं.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. केस आजही तेलाशिवायच होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "कशाला बंद करतील?"

पल्लवी म्हणाली, थँक्यू काकू. मग तिने विचारलं की पुण्याहून काही आणू का. उत्तराची वाट न बघता ती आपणच म्हणाली की मागे तुम्ही म्हणाला होता ना, इथे दसऱ्याला शमी वाटतात, आपटा बघायला मिळत नाही, तर मी आपटा घेऊन येते.

नवमीच्या दुपारी पूजा झाली. बाईंनी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, गंध लावलं, नारळ फोडून घेतला. हात मेन स्विचकडे गेला तेव्हा मागे पद्मावती प्रसादाचं ताट धरून उभी होती. ती म्हणाली, "अम्मा, त्या पोरीचं रात्रीचं काम चालतं ना याच्यावर? बंद केलं तर चालतं का?" म्हणजे देवाने आणखी एक संधी दिली, असंच म्हणायचं. बाई वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या की दरवर्षी बंद होतं, यंदा काय त्याला शिंगं फुटलीत? आणि स्विच खाली ओढला. पंखे थांबतात तसा एक उसासा त्या मशीनमधून आला आणि खोली गप्प झाली. बाईंना इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. त्या दसऱ्याला त्यांनी घरी श्रीखंड केलं, हिम्मतरावांना आग्रह करकरून वाढलं. हिम्मतरावांना वाटलं, पोरीचं भूत उतरलं एकदाचं.

दसऱ्याला जोडून आलेल्या शनिवार-रविवारसकट सुट्टी संपून ऑफिस उघडलं त्या सकाळी बाई पोचल्या तेव्हा त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर हणमंतराव बसलेले होते. चपला बाहेर काढल्या होत्या. पेढे नव्हते, आणि खैरियत विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

झालं होतं ते असं. सणाच्या मिठायांसाठी डेअरीत दिवसरात्र काम चालू होतं, दूध गार करायची सगळी यंत्रं एकदम लागली होती. ठरवून दिल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर दंड बसतो, म्हणून पूर्वी हणमंतरावांचा माणूस मीटरवर नजर ठेवून असायचा. पहाटे फाइल येते म्हटल्यावर तो त्यांनी दुसरीकडे लावला होता. फाइल आली नाही. आली नाही म्हणजे सगळं ठीक असणार, असं सणाच्या गडबडीत हणमंतरावांनी धरलं, आणि विजेचा आकडा रोज चढत गेला. मालकाने सगळ्यांसमोर त्यांचा पाणउतारा केला. मीटर बघायला माणूस नको हे बोलणारे तेच ना? दिवसपाळी काढून घेतली. त्यांना म्हातारपणी रात्रपाळी लावली.

"बाई, तुमच्या फ्लॉप्याच बऱ्या होत्या," ते म्हणाले. "मी पण हौला, येडाच, नवीन चीज बघून भाळलो."

हेच ऐकायला बाईंचे कान आसुसले होते. हेच शब्द, याच खुर्चीवरून. पद्मावतीने चहा आणला, तो दोघांच्यामध्ये तसाच निवत राहिला.

तेवढ्यात पल्लवी आली, स्टेशनवरून थेट, पाठीला पिशवी. तिने वाकून दोघांना नमस्कार केला, बाईंच्या हातात आपट्याची पानं ठेवली, आणि मग तिची नजर कापडाखाली झाकलेल्या मशीनवर गेली. माळ अजून होती, फुलं सुकली होती. तिने कापडाचं टोक उचलून बघितलं आणि ते पुन्हा नीट खाली सोडलं. बाईंना वाटलं, भांडली असती तर बरं.

साहेबांनी तिघांनाही केबिनमध्ये बोलावलं. ते भडकले होते, पण भडकून कोणावर ओरडायचं हे त्यांचं ठरत नव्हतं, कारण दरवर्षी पूजेचा पहिला नारळ त्यांच्याच हातून फुटायचा आणि मशीन बंद होताना ते हात जोडून उभे असायचे. शेवटी ते पल्लवीकडे वळले. शेड्यूल लावण्याआधी मशीन कधी बंद असतं हे इथल्या माणसांना विचारायचं असतं, एवढंही तुमच्या कंपनीत शिकवत नाहीत का, तू त्रिवेणी मेडमना विचारलं होतंस का?

बाईंच्या मुठीत आपट्याची पानं चुरगळली.

पल्लवीने बाईंकडे एकदा बघितलं. मग साहेबांना म्हणाली, "नाही सर. विचारायचं राहिलं माझ्याकडून."

साहेब म्हणाले, तेच मी म्हणतो. आणि बोलण्याच्या भरात त्यांनी दुसरंही सांगून टाकलं. घटस्थापनेच्या आधीच या पोरीने त्यांच्यामागे लागून लिहून घेतलं होतं की शेड्यूल चालू झालं तरी त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतो, तो माणूस त्रिवेणी मेडमच हव्यात, दिलसुखनगरला दुसरं कोणी पाठवा. दिवाळीला ते स्वतः जाहीर करणार होते. आता तर काही प्रश्नच उरला नाही, ते म्हणाले, मेडमना आधी विचारून केलं असतं तर हे झालंच नसतं. मेडम, यापुढे शेड्यूल तुमच्या ताब्यात.

बाईंनी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण शेजारी हणमंतराव उभे होते आणि बाईंकडे आदराने बघत होते. बाईंनी तोंड मिटलं आणि मान हलवली.

बाहेर आल्यावर, हणमंतराव पुढे गेले तेव्हा, त्यांनी पल्लवीला गाठलं. का नाही सांगितलंस, असं विचारलं. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"मी चार महिन्यांनी दुसऱ्या गावी असेन, काकू," पल्लवी म्हणाली. "तुम्हाला रोज इथेच बसायचंय." ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. मग ती खाली बसून सँडलचे पट्टे सोडवू लागली, आणि त्या दिवशी अनवाणी खोलीत गेली.

दुसरी एखादी असती तर त्या क्षणी विरघळली असती. त्रिवेणीबाईंचं तसं झालं नाही. चूक कबूल करावी, गळ्यात पडून रडावं, असं मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते जुनंच होतं आणि पूर्वीपेक्षा जोरात आलं. हिला हेही जमतं! न बघता टाइप करणारे हात तर आहेतच, वर असं मनही आहे, आणि ते आपल्याला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळणार नव्हतं. चाकांच्या खुर्चीचा हेवा वाटला होता तो परवडला.

पुण्याच्या कंपनीने तिला दिवाळीआधीच परत बोलावलं. एका ग्राहकाचं नुकसान तिच्या नावावर लागलं होतं.

त्रिवेणीबाई निवृत्तीपर्यंत त्याच खोलीत राहिल्या. शेड्यूल त्यांनी उत्तम सांभाळलं, यात खोटं काही नाही. कारखाने वाढत गेले, फाइली वाढत गेल्या, आणि दरवर्षी नवरात्रात बाई प्रत्येक कारखान्याला आठवणीने कळवायच्या की नवमीपासून मशीन बंद राहील, आपापले मीटर बघा. सगळे म्हणायचे, मेडम आहेत म्हणून चाललंय. हणमंतरावांना पुढे दिवसपाळी परत मिळाली. फाइल ईमेलने यायची तरी महिन्यातून एकदा ते यायचे, खुर्चीवर बसायचे, खैरियत विचारायचे, पेढे ठेवायचे, पुडाभर.

पल्लवीचा फोन दर दसऱ्याला यायचा. घरचा नंबर तिने कुठून मिळवला कोण जाणे. ती आधी बंगलोरला होती, मग बाहेरदेशी गेली. तब्येत विचारायची, नवमीला मशीन झोपवलं का म्हणून हसत विचारायची, हणमंतकाकांना नमस्कार सांगा म्हणायची.

आणि दसऱ्यानंतर हणमंतराव आले की चहा पिता पिता त्यांना हमखास आठवण व्हायची.

"बाई, ती पुण्याची पोर. विचारायचं विसरली म्हणून बिचारीच्या नोकरीवर आलं. पोर दिलाची चांगली होती पण. तुम्हाला काही फोनबिन येतो का तिचा?"

त्रिवेणीबाई पेढ्याचा कागद उलगडत असायच्या.

"नाही," त्या म्हणायच्या.